फँटसी कॉमिकमध्ये दुःख लिहिताय? मग या चुका टाळा

गेली नऊ वर्षं मी दर पावसाळ्यात कॉमिक लिहिण्याची कार्यशाळा घेते. वीस-बावीस जण येतात, आणि त्यातल्या निम्म्यांच्या वहीत एकच गोष्ट असते. नायिकेची आई नाहीतर बाप जातो. नायिका जादूच्या जगात पोचते. तिथे धुरासारखा काळा राक्षस असतो आणि तो म्हणजे तिचं दुःख, हे तिसऱ्या पानावरच कळतं. बत्तिसाव्या पानावर ती त्याला तलवारीने मारते, सूर्य उगवतो, ती हसते. झालं.

लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं. वही पुढे करताना त्याचा हात कसा थांबतो, ते मला दिसतं. म्हणूनच जीव तुटतो. घरातून खरं दुःख घेऊन निघालेला माणूस कागदावर उसनं दुःख मांडतो. या चुका तोंडी सांगून झाल्या, आता एकदाच्या लिहून ठेवते.

राक्षस मारला की दुःख संपलं

या चुकीवरून मी सगळ्यांत जास्त भांडते. माणूस गेला म्हणून त्याच्याशी असलेलं नातं संपत नाही. वर्षश्राद्धाला आपण त्याच्या आवडीचा पदार्थ करतो तो कशासाठी? दुःखाचा राक्षस करून त्याला मारलं, की तलवार त्या नात्यालाच लागते. वाचकाला ते खटकतं. का खटकलं हे सांगता येत नाही, पण तो पुस्तक मिटतो आणि विसरतो.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं. बत्तीसच्या बत्तीस पानं इंक करून, म्हणजे शाईने पक्की करून आणलेली. हात फार चांगला होता. राक्षसाच्या धुरात त्याने ब्रशचं जे काम केलं होतं ते मी अजून इतरांना दाखवते. सगळं वाचून झाल्यावर मी विचारलं, "बाबांच्या चपला कुठे आहेत रे?"

तो गडबडला. मग म्हणाला, "दारातच आहेत, ताई. आई रोज झाडताना उचलते, खालचं झाडते आणि परत तिथेच ठेवते. टोकं बाहेर करून."

"बाहेर का?"

"बाबा तशाच काढायचे. सकाळी निघताना पटकन पाय घालता यावेत म्हणून."

थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग मी म्हटलं, तुझं कॉमिक हे आहे. तो चिडला. चार महिने रात्री जागून केलेलं काम टाकून द्यायचं का, असं त्याचं म्हणणं. त्याचा राग मला कळत होता, पण मी मागे हटले नाही. नवशिक्यांना घाई असते ती पान पूर्ण करण्याची. पान पूर्ण झालं की गोष्ट झाली, असं त्यांना वाटतं.

दोन आठवड्यांनी तो परत आला. पहिल्या पानावर सहा चौकटी होत्या आणि शब्द एकही नाही. केरसुणी. चपला उचलणारा आईचा हात. धुळीत उमटलेले चपलांचे दोन स्वच्छ ठसे. ठशांवरून फिरलेली केरसुणी. जागेवर परत ठेवलेल्या चपला, टोकं बाहेर. आणि सहाव्या चौकटीत दुसऱ्या दिवशीची सकाळ, त्याच चपला, टोकं आत वळलेली. रात्री कोणीतरी घरी आलं होतं. जादू एवढीच. माझ्या अंगावर काटा आला.

तेव्हापासून माझी सवय पक्की झाली आहे. गोष्ट लिहायच्या आधी मी गेलेल्या माणसाच्या वस्तूंची यादी करते. चष्म्याचं घर, अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी, रेशनकार्डावरचं नाव, मोबाइलमध्ये अजून तसाच असलेला नंबर. त्यातली एकच निवडायची आणि सगळी जादू तिलाच द्यायची. जादूला दोन गोष्टींची बंदी: गेलेलं माणूस परत आणायचं नाही आणि आठवण पुसायची नाही. दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या गोष्टीत विस्मरणाची विहीर निघते. ती मी बुजवायला लावते.

पाच टप्पे म्हणजे पाच प्रकरणं

काही जण थोडं वाचून येतात. मग गोष्टीत पाच दरवाजे किंवा पाच बेटं: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी हे टप्पे १९६९ साली मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. आणि जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसं यातून कोणी जात नाही. पाचवं बेट आलं की सुटलो, असं वाचकाला सांगणं मला तर क्रूरपणाचं वाटतं. ज्याचं पाच वर्षांनीही सुटलेलं नसतं, त्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

मला त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेली गोष्ट कामाला येते. माणूस हेलकावे खात असतो: कधी दुःखाकडे, कधी पुढच्या कामांकडे, परत दुःखाकडे. सकाळी हुंदके देणारी बाई दुपारी गॅसचा नंबर लावते आणि शेजारणीच्या बोलण्यावर हसतेसुद्धा. तिन्ही खरं असतं. कॉमिकमध्ये हे दाखवायला समोरासमोरची दोन पानं आयती मिळतात. मी डावीकडे जादूचं जग ठेवते आणि उजवीकडे बँकेतली रांग, वारसाचा अर्ज, "मृत्यूचा दाखला जोडलाय का?" असं मान वर न करता विचारणारा क्लार्क.

पहिल्याच पानावर सगळं दाखवणं

ही चूक मी स्वतः केली आहे. ती कोणाच्या समोर उघडी पडली ते मी आजही विसरलेले नाही.

माझ्या पहिल्या कॉमिकमध्ये गाव गिळणारी जमीन होती. सुरुवातीलाच पूर्ण पानभर चित्र: कोसळलेली घरं, दगडांच्या ढिगातून वर आलेले हात. किल्लारीच्या भूकंपाचे वर्तमानपत्रातले फोटो समोर ठेवून काढलेलं. एका प्रदर्शनात माझ्या टेबलापाशी पन्नाशीच्या एक बाई आल्या. त्यांनी पुस्तक उघडलं आणि लगेच मिटलं. म्हणाल्या, "मी तिकडचीच हाय. हे आम्हाला कशाला दावता? आम्ही व्हतो की तिथं."

मला काय बोलावं ते सुचेना. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. मागे जुन्या इमारतीची दगडी भिंत होती. त्यांनी खुर्ची हातभर पुढे ओढली, मागे वळून अंतर पाहिलं आणि मग बसल्या. "दगडी भिंतीला पाठ लावत न्हाई मी," म्हणाल्या. "लेकीच्या लग्नातबी मांडवात मधोमध बसले."

३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला आले होते. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि धाब्याची जड छपरं झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. हे सगळं मी वाचून काढलं होतं, टिपणं होती माझ्याकडे. खुर्ची हातभर पुढे ओढणारी बाई त्या टिपणांत कुठेच नव्हती.

आघात असाच राहतो, अंगाच्या सवयीत. कोणी दाराकडे तोंड करूनच बसतं, कोणाला कुकरची शिट्टी सहन होत नाही, कोणी रात्री तीन वेळा उठून मुलांच्या नाकाशी बोट धरतं. तुमची नायिका राजकन्या असो की चेटकीण, ती कुठे बसते आणि कशी झोपते हे आधी ठरवा.

त्या दिवसापासून मी घटना काढत नाही. तिच्या आधीची चौकट काढते आणि नंतरची काढते. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला आम्ही गटर म्हणतो. घटना त्या पट्टीत टाकायची. तिथलं चित्र वाचक मनातल्या मनात काढतो, आणि स्वतःला झेपेल तेवढंच काढतो.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे फ्लॅशबॅक. चौकटीला नागमोडी कडा, जुन्या फोटोसारखा तपकिरी सेपिया रंग, आणि चार पानं अगदी क्रमवार हकीकत. भयंकर आठवण अशी शिस्तीत येत नाही. ती तुकड्यांनी येते, वासातून, आवाजातून, भाजी चिरताना. मी साध्या रोजच्या पानात, नऊ चौकटींच्या मधोमध, एकच वेगळी चौकट घुसवते. कडा बदलत नाही, रंग बदलत नाही, खुलासाही नाही. पुढच्या चौकटीत भाजी चिरणं चालूच. वाचक दचकून मागे जातो. नायिकेचंही तेच होत असतं.

आणि आत काय आहे याची सूचना मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला द्या. शेवटी टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही छापा. अर्धा इंच जागा लागते. "त्याने मूड जातो" असं मला कोणी म्हटलं की मी त्यांना खुर्चीची गोष्ट सांगते.

जादू परकी, दुःख घरचं

ड्रॅगन, एल्फ, बर्फाचे किल्ले. आवडत असतील तर काढा. पण आजीच्या दहाव्याला नदीकाठी उभं राहिलेल्या मुलीला ड्रॅगन कशाला हवा? तिने पाहिलंय की सगळं. पिंड ठेवलाय, माणसं मागे सरून उभी आहेत, कावळा झाडावर आहे आणि खाली येत नाही. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून म्हणतो, "धाकटीचं लग्न आम्ही करू", "जमिनीवरून भांडणार नाही". कोणाचं तरी बोलणं नेमकं लागू पडतं आणि कावळा झेपावतो. नाहीच आला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवायचा. गेलेल्याची इच्छा, मागे राहिलेल्यांची कबुली, पक्षी हा निरोप्या, आणि हे सगळं उघड्यावर, सगळ्यांदेखत. यापेक्षा नेटका जादूचा नियम मला एकाही वहीत सापडलेला नाही.

पानाची मांडणी शिकायची असेल तर वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, बघा. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. मरणाची गोष्ट चौकटींत सांगितलेली, खालून वर वाचायची. गावोगावी देवळाबाहेर उभे आहेत. मुंबईकरांना तर बोरिवलीत एकसरला आरमारी लढाईचे वीरगळ बघता येतात. मी दर वर्षी सांगते, जाऊन एक तास समोर बसा आणि चौकटी वहीत उतरवा. जाणारे दोघं-तिघंच असतात. बाकीचे मोबाइलवर फोटो शोधतात, आणि पुढच्या मसुद्यात तो फरक मला लगेच दिसतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

खलनायकाला वाईट बालपण देऊन मोकळं होऊ नका. सोसलेली बहुतेक माणसं कोणाचं वाईट करत नाहीत, आणि ती तुमची वाचक आहेत.

"वेळ हेच औषध" असं सांगणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा काढून टाका. त्याच्या जागी नुसता चहा आणून ठेवणारा कोणी चालेल.

दुःख म्हणजे करडा रंग नाही. माझी आजी गेली त्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि दारात जास्वंद फुलली होती. मला जास्वंदीकडेच बघवत नव्हतं.

देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या लागतात आणि खाली उकार. इंग्रजी कॉमिकच्या मापाने संवादाचा फुगा काढला की ओळी एकमेकींत घुसतात. आधी मजकूर लिहा, त्याभोवती फुगा, मग चित्र. रडणाऱ्या माणसाच्या फुग्यात चार-पाच शब्दांवर जाऊ नका.

नकाशा, सात राज्यं, बारा खंडांची मालिका हे सगळं नंतर. आधी सोळा पानं लिहा. चार ए-फोर कागद मधोमध दुमडले आणि दोन पिना मारल्या की सोळा पानांचं पुस्तक हातात येतं. ज्याला सोळा पानांत एका चपलेची गोष्ट सांगता येत नाही, त्याला सात राज्यं सांभाळता येणार नाहीत.

जखम ताजी असेल तर छापायची घाई करू नका. लिहा, रोज लिहा, पण वही घरात ठेवा. दुसऱ्याचं दुःख वापरत असाल तर त्याला आधी विचारा. तो नाही म्हणाला तर ते पान फाडायचं.

शेवटच्या चौकटीत निकाल लावणं

"आणि ती सावरली." "आता ती पुन्हा जगू लागली." शेवटी अशी ओळ लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण लिहिणाऱ्यालाच ते ऐकायचं असतं. माझी सवय अशी, की शेवटच्या चौकटीतला मजकूर मी पेन्सिलीनेच लिहिते आणि आठवड्याने खोडून बघते. आजवर एकदाही तो परत लिहावा लागलेला नाही.

त्या मुलाच्या सोळाव्या पानावरही अशीच ओळ होती. तिच्यावरून आम्ही पुन्हा एकदा भांडलो आणि शेवटी त्याने ती खोडली. आता तिथे फक्त चित्र आहे. अचानक सर आली आहे, अंगणात दोरीवर कपडे वाळत आहेत, आणि आई धावत बाहेर पडली आहे. घाईत तिने दारातल्या त्या चपलांत पाय घातलेत. तिला त्या खूप मोठ्या होतात. टाचेमागे चार बोटं जागा उरली आहे, तिथे पावसाचं पाणी साचलं आहे, आणि तिचं सगळं लक्ष दोरीवरच्या कपड्यांकडे आहे.