कॅनडातल्या सेलची वस्तू गोव्याच्या घरात आणताना

संकेतस्थळावर १५० डॉलरला दिसणारी कॅमेऱ्याची लेन्स म्हापशाच्या घरात पोचेपर्यंत सोळा हजारांच्या आसपास जाते. ऑर्डर देणाऱ्याला हे बहुतेक वेळा कळतं ते कुरियर कंपनीचा ड्युटी भरा म्हणून मेसेज आल्यावर. तोवर पार्सल मुंबईत नाहीतर दिल्लीत अडकलेलं असतं आणि पैसे भरण्यावाचून इलाज नसतो. म्हणून कार्ड हातात घेण्याआधी कागद घ्या.

आधी डॉलर कुणाचा ते बघा. एकाच दुकानाची अमेरिकेची आणि कॅनडाची अशी दोन संकेतस्थळं असतात. चिन्ह दोन्हीकडे सारखंच असतं आणि कॅनडाचा डॉलर बराच स्वस्त असतो. पत्त्याच्या शेवटी डॉट सीए असेल तर ते कॅनडाचं. तरीही शेवटच्या पानावर, पैसे भरण्याच्या जागी, चलनाचं पूर्ण नाव वाचून घ्या.

आता हिशोब. भारतात ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागते. त्या रकमेवर मूळ आयात शुल्क, मूळ शुल्कावर १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार (तो लागू असेल तर), आणि या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, असा क्रम असतो. पद्धत कळावी म्हणून डॉलर ६० रुपयांचा, मूळ शुल्क २० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. लेन्स १५० डॉलर, वाहतूक ३० डॉलर, म्हणजे १८० डॉलर, रुपयांत १०,८००. मूळ शुल्क २,१६०. अधिभार २१६. बेरीज १३,१७६. तिच्यावर आयजीएसटी २,३७२. एकूण कर ४,७४८ आणि वस्तू १५,५४८ रुपयांना. यात कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क मिळवा. बँक ३.५ टक्के घेत असेल तर ३७८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४४६. झाले जवळजवळ सोळा हजार. कुरियर कंपनी कस्टम सोडवून देण्याचे जे पैसे घेते ते यात धरलेलेच नाहीत.

दर बदलत राहतात. वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या वस्तू कस्टमच्या यादीत ९८०४ या शीर्षकाखाली येतात, तेव्हा कस्टमच्या आइसगेट या संकेतस्थळावर त्या आठवड्याचा दर बघूनच आकडे टाका. जुन्या लेखांत ७७ टक्के ड्युटी असं वाचायला मिळतं. तो आकडा मूळ शुल्क ३५ टक्के आणि आयजीएसटी २८ टक्के होते तेव्हाचा आहे, त्याला घाबरू नका आणि त्यावर विसंबूही नका. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पानंतर तर दर नव्याने तपासायलाच हवा.

वाहतुकीचा आकडाही फसवा असतो. कुरियर कंपन्या काट्यावरचं वजन आणि खोक्याच्या आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागा. बुटांचं ३५ × २२ × १३ चं खोकं दोन किलोचं धरलं जातं, आत बूट सव्वा किलोचे असले तरी. म्हणून थेट मागवायला परवडतात त्या लहान, हलक्या आणि इथे न मिळणाऱ्या वस्तू: व्हायोलिनच्या तारा, सॅक्सोफोनचे रीड, जुन्या शिलाई मशीनचा एखादा सुटा भाग, फाउंटन पेनचं निब. उशा, खेळण्यांचे मोठे खोके, हेल्मेट ही हवा मागवण्यासारखी गोष्ट आहे.

एक बाब मात्र तुमच्या बाजूची. कॅनडातला विक्रेता स्वतः माल देशाबाहेर पाठवत असेल तर त्यावर तिथला विक्रीवरचा कर (जीएसटी किंवा एचएसटी) लागत नाही. पत्ता गोव्याचा घातल्यावर शेवटच्या पानावर कराची ओळ शून्य झाली का ते बघा. झाली नसेल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लिहा.

मावसभाऊ ब्रॅम्प्टनला असेल तर

गोव्यातल्या पुष्कळ घरांत हा दुसरा रस्ता असतो: वस्तू कॅनडातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवायची आणि तो येईल तेव्हा बॅगेतून आणायची. मोठ्या सवलतींचे दिवस दोन. एक ब्लॅक फ्रायडे, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरचा शुक्रवार. दुसरा बॉक्सिंग डे, २६ डिसेंबर. नाताळला गावी येणाऱ्या माणसाच्या हातून पहिलाच साधतो, दुसऱ्याच्या वेळी तो इथे पोचलेला असतो.

सवलत खरी आहे का, हे ॲमेझॉनवरच्या वस्तूंसाठी कॅमलकॅमलकॅमल किंवा कीपा या किमतींची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर दिसतं. मागच्या वर्षभरातला किमतीचा आलेख बघा. ‘४० टक्के सूट’ लिहिलेली वस्तू ऑगस्टमध्ये त्याच भावाला होती, असं बरेचदा निघतं. इतर दुकानांच्या सवलतींसाठी रेडफ्लॅगडील्स या कॅनडाच्या संकेतस्थळावर तिथले लोक एकमेकांना कळवत असतात.

कॅनडात लिहिलेल्या किमतीत कर धरलेला नसतो आणि तो प्रांतागणिक वेगळा आहे. अल्बर्टात ५ टक्के, ब्रिटिश कोलंबियात साधारण १२, ओंटारिओत १३. हीच १५० डॉलरची लेन्स अल्बर्टात, कॅलगरीला असलेल्या बहिणीला १५७.५० ला पडेल, ओंटारिओत, ब्रॅम्प्टनला असलेल्या भावाला १६९.५० ला. दोन्हीकडे नातलग असतील तर कुणाला सांगायचं हे यावरून ठरवा. भारतात परतताना टोरंटोच्या विमानतळावर हा कर परत मिळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पर्यटकांना कर परत देण्याची योजना कॅनडाने २००७ मध्येच बंद केली.

नातेवाईक अमेरिकेच्या दुकानातून मागवत असेल तर त्याला तिथेही सीमा ओलांडावी लागते. १ जुलै २०२० पासून अमेरिका किंवा मेक्सिकोतून कुरियरने आलेल्या मालावर ४० कॅनेडियन डॉलरपर्यंत कर नाही आणि १५० पर्यंत आयात शुल्क नाही. पण ही सवलत कुरियरची आहे. तेच पार्सल टपालाने आलं तर मर्यादा २० डॉलरची, आणि कर लागला की कॅनडा पोस्ट ९.९५ डॉलर हाताळणी शुल्कही घेतं. वस्तू स्वस्त आणि टपाल फुकट बघून ऑर्डर दिली की इथेच पैसे जातात.

बॅगेतून आणताना वस्तूचं बिल प्रवाशाच्या हाताशी असू द्या. करमुक्त सामानाची मर्यादा बॅगेज नियमांत दिलेली असते, प्रवासाच्या आठवड्यात ती बघून घ्या. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा करमुक्त असतो, दुसऱ्या लॅपटॉपला सूट नाही. नवरा-बायको एकत्र आले तरी दोघांची मर्यादा एका महागड्या वस्तूसाठी जोडता येत नाही. यावरून मोपा आणि दाबोळीला प्रवाशांचे वाद होतात, ते तुमच्या वस्तूपायी नातेवाइकाच्या वाट्याला येऊ नयेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, मेपल सिरपची बाटली चेक-इनच्या बॅगेत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत.

अडॅप्टरवरची बारीक ओळ

सगळ्यात जास्त वस्तू जळतात त्या इथे. कॅनडात घरचा वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथला मिक्सर, केटल किंवा केस वाळवायचं यंत्र इथल्या सॉकेटमध्ये पिन बदलून लावलं की क्षणात वास येतो. पिनचा अडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही.

ऑर्डर देण्याआधी यंत्राच्या मागच्या किंवा चार्जरवरच्या पट्टीचा फोटो शोधा. विक्रेत्याच्या फोटोत नसेल तर नातेवाइकाला दुकानात जाऊन काढायला सांगा. ‘इनपुट’ या शब्दापुढे १००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असेल तर निर्धास्त घ्या. लॅपटॉप, फोन, कॅमेरा यांचे चार्जर बहुतेक असेच असतात. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर सोडून द्या. व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेता येतो, पण हजार वॅटच्या यंत्रासाठी तो जड आणि महाग पडतो. शिवाय हर्ट्झ तसेच राहतात, म्हणून ६० हर्ट्झची साधी इंडक्शन मोटर इथे कमी वेगाने फिरते आणि तापते.

फोनच्या बाबतीत दोन गोष्टी. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवीन फोन अनलॉक केलेलाच विकावा लागतो, तेव्हा तिथल्या कंपनीच्या कुलपाची भीती नको. पण अमेरिकेचा आयफोन असेल तर १४ पासून पुढच्या मॉडेलांना सिमची खाच नाही, फक्त ई-सिम चालतं. वॉरंटी भारतात चालेल का, हे कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर वाचा. दुकानदाराचं बोलणं पुरेसं नाही.

बूट घेताना तिथले आकडे अमेरिकी मापाचे असतात. पुरुषांच्या बुटात आपल्या ८ ला तिथे साधारण ९ म्हणतात, बायकांच्या बुटात फरक दोनचा पडतो. बूट परत पाठवण्याचा खर्च बुटांच्या किमतीला भिडतो, म्हणून आधी पाऊल कागदावर ठेवून सेंटिमीटरमध्ये मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. दुपारनंतर मोजलेलं माप जास्त भरवशाचं, दिवसभरात पाय थोडा फुगतो.

हे मागवूच नका

ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. ई-सिगारेट २०१९ च्या कायद्याने बंद आहे, तिचं सुटं सामानसुद्धा मागवू नका. सॅटेलाइट फोन आणि डोंगरात हरवल्यास संदेश पाठवणारी सॅटेलाइट यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे, आणि गोव्यातच विमानतळावर अशी यंत्रं सापडून परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. कॅनडात हे यंत्र गिर्यारोहणाच्या दुकानात उघड्यावर मिळतं, म्हणून नातेवाइकाला संशयही येत नाही. त्याला आधीच सांगा. झाडांचं बी आणि कंद यांना आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, परसातल्या हौसेसाठी मागवलेलं पाकीट तिथेच राहतं. औषधं टपालाने मागवायची तर फॉर्म १२-ए वर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते.

आणि ‘गिफ्ट’ हा शब्द. पाच हजारांपर्यंतची भेट करमुक्त, हा नियम डिसेंबर २०१९ मध्ये संपला. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून करमुक्त काही येत नाही. विक्रेता आपणहून म्हणतो, ‘किंमत १० डॉलर लिहितो, गिफ्ट लिहितो.’ त्याला नाही म्हणा. कस्टमला शंका आली की ते स्वतः किंमत ठरवतात, पार्सल आठवडे पडून राहतं. हरवलं तर विमा मिळतो तोही त्या १० डॉलरचाच.

गोव्याचा पत्ता आणि पुढचं

परदेशी फॉर्मला ओळी मोजक्याच असतात आणि आपल्या पत्त्यात वाडा, गाव, जवळचं देऊळ किंवा कपेल, सगळंच लागतं. पहिल्या ओळीत घर क्रमांक आणि वाडा, दुसरीत खूण आणि गाव, शहराच्या रकान्यात तालुक्याचं ठिकाण, राज्य गोवा. पिनकोड अचूक हवा: पणजी ४०३००१, फोंडा ४०३४०१, म्हापसा ४०३५०७, मडगाव ४०३६०१. गावाचा पिन वेगळा असेल तर तोच घाला. मोबाइलच्या आधी ९१ लावा. नाव आधारवर आहे तसंच लिहा, कारण कुरियर कंपनी केवायसीसाठी आधार, पॅन किंवा पासपोर्ट मागते आणि नाव जुळलं नाही की कस्टमचं काम थांबतं.

कार्ड परदेशी ऑनलाइन खरेदीसाठी बँकेच्या ॲपमधून चालू करावं लागतं. मार्च २०२० नंतर दिलेली कार्डं मुळात फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात. खरेदी झाली की परत बंद करा, परदेशी दुकानात ओटीपी न मागताच पैसे जाऊ शकतात. पैसे भरताना ‘रुपयांत भरा’ असा पर्याय दिसला तर घेऊ नका, त्यांचा दर बँकेपेक्षा वाईट असतो.

‘ड्युटीसह’ किंवा डीडीपी असा पर्याय विक्रेत्याकडे असेल तर तो थोडा महाग दिसला तरी घ्या. कर आधीच भरलेला असतो आणि दारात पैशांचा प्रश्न उरत नाही. टपालाने येणाऱ्या पार्सलचा क्रमांक १३ अक्षरांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं, कॅनडाची सी आणि ए. तोच क्रमांक भारतीय टपालाच्या संकेतस्थळावर चालतो.

ऑर्डर दिली की ‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलं आहे, या लिंकवर ५० रुपये भरा’ असे मेसेज येऊ लागतात, काही तर ऑर्डर न देणाऱ्यांनाही येतात. लिंक दाबू नका. कुरियरच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन तुमचा क्रमांक टाका, रक्कम तिथे दिसली तरच भरा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. कस्टम अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत.

जून ते सप्टेंबरमध्ये चामडं, लेन्स किंवा कागदी वस्तू मागवणं टाळता आलं तर टाळा. टाळता येत नसेल तर विक्रेत्याला आत बंद प्लास्टिक पिशवी आणि सिलिका जेल घालायला सांगा, कारण खोकं पावसात व्हरांड्यात ठेवून माणूस निघून जातो. खोकं उघडताना आधी सहाही बाजू आणि लेबल मोबाइलवर चित्रित करा, मग न थांबता उघडण्यापर्यंत चालू ठेवा. मोडकी वस्तू निघाली तर विक्रेता हेच मागतो. कुरियरने दिलेली ड्युटीची पावती वस्तूच्या बिलाला टाचून ठेवा, पुढे वस्तू दुरुस्तीसाठी परत कॅनडाला पाठवायची वेळ आली तर दोन्ही कागद लागतात.