खोटं बोलावं का, हे ठरवायची रीत

खोट्याचं तत्त्वज्ञान बहुतेकांना येतं, पण उलट्या बाजूने. आधी बोलून मोकळं व्हायचं, मग साजेसा आधार शोधायचा: मनूने अप्रिय सत्य बोलू नये म्हटलंय, कृष्णानेही चालवून घेतलंय. खालची रीत बोलण्याआधीची आहे. एक कोरा कागद आणि वीसेक मिनिटं पुरतात. पायऱ्यांचा क्रम मात्र मोडू नका, कारण पळवाट सापडते ती क्रम मोडल्यावरच.

आधी वाक्य लिहा

जे बोलणार आहात ते शब्दशः लिहा. 'स्थळ जमावं म्हणून थोडं सांभाळून घेतलं' हे वाक्य नव्हे, ती वकिली झाली. 'मुलगा जळगावला कायम नोकरीत आहे' हे वाक्य. त्याखाली तीन नोंदी करा: ऐकणारा कोण, या वाक्यावर विसंबून तो काय करणार, आणि खरं कळलं असतं तर त्याने वेगळं काय केलं असतं. भरीत खारट झालेलं असताना 'मस्त झालंय, वहिनी' म्हटलं, तर तिसऱ्या नोंदीत लिहायला काही उरत नाही. खोटं कधीच चालत नाही म्हणणारा जर्मन तत्त्वज्ञ कान्ट हेही सोडणार नाही, पण कागद खर्च करावा इतकी ती बाब नाही. मुलाच्या नोकरीखाली मात्र मुलीचं सगळं आयुष्य लिहावं लागतं.

हे खोटं आहे का, ते तपासा

चार गोष्टी एकत्र आल्या की खोटं होतं: काहीतरी ठासून सांगितलंय, सांगणाऱ्याला ते खरं वाटत नाही, ऐकणाऱ्याने ते खरं मानावं असा हेतू आहे, आणि ऐकणाऱ्याला इथे खरं मिळण्याची रास्त अपेक्षा आहे. चुकीचं पण मनापासून सांगितलेलं खोटं नसतं, हे ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनने चौथ्या शतकाच्या अखेरीसच स्पष्ट केलं.

गोंधळ चौथ्या अटीत होतो. केळीचा व्यापारी म्हणतो, 'याच्यावर एक रुपया परवडत नाही.' बांधावर उभे असलेले दोघंही जाणतात की ही घासाघीस आहे. पण तोच फोनवर म्हणाला, 'आज रावेरचा बोर्ड भावच उतरला,' आणि बाजाराने जाहीर केलेला तो दर उतरलेला नसेल, तर ते निखळ खोटं. काटणीचा निर्णय त्या एका आकड्यावर व्हायचा असतो आणि घड एकदा कापला की माल थांबत नाही. दोन्ही वाक्यं 'धंद्यात चालतं' या एकाच खात्यात टाकणं ही इथली नेहमीची चूक.

शब्द खरे आणि हेतू खोटा असेल तर? द्रोणपर्वातला 'अश्वत्थामा मेला' हा प्रसंग याचसाठी लक्षात ठेवायचा. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य सांगतं की वाणी फसवणारी, भ्रामक किंवा ऐकणाऱ्याला बोधच न होणारी असली तर ते सत्य नव्हे. आणि टीकाकार वाचस्पती मिश्र फसवणुकीचं उदाहरण म्हणून युधिष्ठिराचंच नाव घेतो. तेव्हा 'मी शब्दाने खोटं बोललो नाही' हा बचाव कागदावर लिहूच नका.

गप्प राहणं

यावर जरा जास्त वेळ द्या, कारण व्यवहारातली निम्मी भांडणं इथली असतात. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तिथलाच व्यवहार डोळ्यांपुढे आणा. घोड्याला खोड आहे, विकणाऱ्याला ती माहीत आहे, आणि तो बोलत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये नेमकी घोड्याचीच उदाहरणं दिली आहेत. लिलावात सदोष घोडा विकताना मालक दोषाबद्दल नुसता गप्प राहिला, तर ते कपट ठरत नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणं बंधनकारक होतं. आणि घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरतो,' तर त्यानंतरचं मौन बोलण्याइतकंच.

कायदा इथे थांबतो. नीतीला थोडं पुढे जावं लागतं. दोन प्रश्न विचारा. समोरच्याला दोष स्वतः पाहता येतो का? आणि तो पाहू नये म्हणून मी काही केलंय का? कापसावर पाणी मारून गाडी जिनिंगला नेणारा एक शब्दही बोलत नाही, पण काटा त्याच्या वतीने बोलतो. ही कृती खोट्याच्याच खात्यात घ्या.

कसोट्या, याच क्रमाने

पहिली कान्टची. १७८५ मध्ये त्याने दिलेलं उदाहरण आपल्याकडे रोज घडतं: फेडता येणार नाही हे माहीत असताना 'फेडतो' म्हणून उधार घेणं. कृषी केंद्रात 'कापूस विकला की देतो' म्हणताना तो कापूस आधीच दुसऱ्याला लागलेला असेल, तर विचारा: अडलेला प्रत्येक जण असंच बोलू लागला तर? मग दुकानदार उधारीची वहीच बंद करील आणि त्या वचनाने कोणाचंच काम भागणार नाही. खोटं चालतं ते बाकीचे खरं बोलतात म्हणून. आपण त्यांच्या भांडवलावर जगतो. ही कसोटी बिघडते ती नियम फार अरुंद केला की. 'तीन मुली असलेल्या, यंदा बोंडअळीने बुडालेल्या माणसाने' असा नियम बांधला तर काहीही पास होतं. नियमात आपलं वर्णन नको, फक्त कृती आणि कारण ठेवा.

दुसरी इंग्रज तत्त्वज्ञ मिलची: परिणामांची बेरीज. मिल अपवाद मान्य करतो, दुष्टापासून माहिती लपवणं आणि अत्यवस्थ रुग्णाला वाईट बातमी न देणं हे त्याचेच दाखले, पण अपवादाची हद्द आखून घ्या असंही बजावतो. इथे लोक आजचाच फायदा मांडतात. बेरजेत विश्वासाची झीज धरा, उघडं पडण्याची शक्यता धरा, आणि हे खोटं टिकवायला आणखी किती खोटी लागतील तेही लिहा. नोकरीच्या एका खोट्याला पगार, साहेब, रजा, बदली अशी चार तरी लागतात.

तिसरी सर्वांत सोपी: हेच कारण फसवलेल्या माणसाला तोंडावर सांगता येईल का? येत नसेल तर पहिल्या दोन कसोट्यांत कुठेतरी दांडी मारली आहे. परत मागे जा.

जीव धोक्यात असेल तेव्हा

मारेकरी दाराशी येऊन लपलेल्याचा पत्ता विचारतो. कान्टने १७९७ च्या निबंधात, फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंटला उत्तर देताना, इथेही खोटं नाकारलं. कर्णपर्वात कौशिक ब्राह्मण लुटारूंना पळालेल्यांची वाट खरी सांगतो आणि नरकात जातो. या दोघांत आमचं मत महाभारताकडे. पण कृष्णाने घातलेला क्रम लोक गाळतात: न बोलून सुटका होत असेल तर बोलूच नये, बोलणं भागच पडलं किंवा गप्प राहिल्याने संशय येणार असेल, तरच असत्य बरं. म्हणजे मौन आधी.

विवाह, प्राणसंकट अशा पाच प्रसंगी असत्याला दोष नाही, हा आदिपर्वातला श्लोक सोयरिकीच्या बैठकीत हमखास ऐकवतात. तो कोणाच्या तोंडी आहे ते बघा. शर्मिष्ठा ययातीचं मन वळवायला तो म्हणते, तिचा त्यात स्वार्थ आहे, आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला शुक्राचार्यांचा शाप येतो. आधार म्हणून हा श्लोक कच्चा.

दवाखान्यातलं खोटं

मोठा आजार निघाला की घरचे आधी रुग्णापासून लपवतात. इथे खोटं आणि सत्य यांच्या मधली जागा आहे, ती वापरा: किती ऐकायचं ते त्यालाच विचारा. 'आबा, रिपोर्ट आलाय. सगळं तुम्हाला सांगू, का डॉक्टरांशी मी बोलून घेऊ?' आबा म्हणाले 'तूच बघ', तर गप्प राहायला त्यांची परवानगी मिळाली. 'सांग' म्हणाले तर सांगायचं, एका वेळी एकच गोष्ट, मग थांबायचं. 'काही नाही, ॲसिडिटी आहे' हे वाक्य टाळा. जमिनीची वाटणी, येणी-देणी, कोणाला भेटायचंय, हे सगळं त्यांच्या हातून निसटतं.

बोलून गेलं असेल तर

दुरुस्ती ज्याच्याशी बोललात त्याच्याशी आधी, मध्यस्थाशी नंतर. पहिल्या वाक्यात जे खोटं होतं ते, दुसऱ्यात खरं काय ते: 'भाऊसाहेब, मुलगा कायम आहे म्हटलं होतं. तो कंत्राटी आहे, करार मार्चपर्यंतचा.' मग त्यांचं काय अडलं ते विचारा. कारण तुम्ही आधी सांगू नका; त्यांनी विचारलं तर एका वाक्यात द्या. हे साखरपुड्याच्या खरेदीआधी झालं पाहिजे, कारण त्यानंतर नुकसानीचा आकडा दोन घरांत वाटायची वेळ येते.