फ्रेंच मित्राला हाक कशी मारावी आणि त्याचा निरोप कसा घ्यावा

फ्रेंच शिकू लागलेल्या माणसाला ‘बोंझूर’ (नमस्कार) आणि ‘मेर्सी’ (धन्यवाद) हे शब्द पहिल्याच दिवशी येतात; अडते ते पुढे, ओळख मुरू लागली की. समोरच्याला आपण किती जवळचे मानतो, हे फ्रेंचमध्ये बोलता बोलता सतत दाखवावे लागते. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, कारण अहो-जाहो आणि अरे-तुरे यांतला फरक त्याला घरातच कळलेला असतो. म्हणून मैत्रीचे शब्द पाठ करण्याआधी सर्वनाम ठरवावे.

‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘व्हू’ म्हणजे तुम्ही. अनोळखी माणसाला, दुकानदाराला आणि मित्राच्या आईवडिलांना सुरुवातीला ‘व्हू’च म्हणावे, बरोबरीच्या विद्यार्थ्यांत किंवा मित्राच्या तरुण मित्रमंडळींत मात्र पहिल्या भेटीतही ‘त्यू’ चालते. शंका असेल तेव्हा ‘व्हू’ने आरंभ करून, वयाने किंवा हुद्द्याने मोठी असलेली व्यक्ती ‘ओं स त्युत्वा?’, म्हणजे ‘आपण अरे-तुरे करू या का?’, असे विचारेपर्यंत थांबावे. एकदा ‘त्यू’वर आल्यावर पुन्हा ‘व्हू’कडे वळू नये, कारण त्यातून राग किंवा दुरावा सूचित होतो. समोर दोन-चार मित्र एकत्र असतील, तर ते कितीही जवळचे असले तरी सर्वांना मिळून ‘व्हू’च म्हणतात, जसे आपण ‘तुम्ही येणार ना रे?’ असे विचारतो.

‘त्यू’ या सर्वनामाचा उच्चार मात्र आपल्या ‘तू’सारखा करू नये. ओठ ‘ऊ’साठी करतो तसे गोल ठेवावेत आणि त्याच स्थितीत ‘ई’ म्हणावे. जो स्वर निघेल तो ‘त्यू’मधला आणि ‘साल्यू’ या मित्रांमधल्या अभिवादनातलाही. मराठी ‘तू’ जसाच्या तसा उच्चारल्यास फ्रेंच कानाला ‘सगळे’ या अर्थाचा वेगळाच शब्द ऐकू येतो.

यानंतर मित्रासाठी शब्द निवडावा. ‘आमी’ हा मित्रासाठी आणि मैत्रिणीसाठीही उच्चाराने एकच शब्द आहे; लिहिताना स्त्रीलिंगी रूपाला शेवटी एक मूक अक्षर जोडतात. ‘माझा’ या अर्थाचा ‘मों’ त्याच्याआधी आला की दोन्ही शब्द आपल्या संधीप्रमाणे जुळून ‘मोनामी’ होते, आणि एरवी स्त्रीलिंगी नामापुढे ‘मा’ येत असले तरी येथे स्वर पुढे असल्यामुळे मैत्रिणीलाही ‘मोनामी’च म्हणतात. रोजच्या बोलण्यातील सलगीचा शब्द ‘कोपँ’, मैत्रिणीसाठी ‘कोपीन’. (येथे ‘ओ’चा ‘औ’ होऊ देऊ नये, तसे झाल्यास आपल्याकडे संन्याशाचे वस्त्र होते.) ‘कोपँ’ म्हणजे मुळात एकत्र भाकरी खाणारा. त्यामागे भाकरीसाठीचा लॅटिन शब्द ‘पानिस’ आहे, आणि तोच शब्द पोर्तुगीज ‘पांव’च्या वाटेने आपल्याकडे ‘पाव’ होऊन आला.

येथे एक खाचखळगा आहे. ‘मों कोपँ’ म्हणजे ‘माझा मित्र’ असे वाटते, पण ऐकणारा त्याचा अर्थ ‘माझा प्रियकर’ असा घेण्याची शक्यता दाट असते. नुसत्या मैत्रीविषयी बोलायचे असेल, तर ‘अं कोपँ’, म्हणजे ‘एक मित्र’, असे म्हणावे. ‘पतीतामी’ या शब्दाचा अक्षरशः अर्थ ‘छोटी मैत्रीण’ असला, तरी तो प्रेयसीसाठीच वापरतात.

हे सर्व शब्द मित्राविषयी बोलण्याचे झाले. प्रत्यक्ष हाक मारताना नाव घेणेच उत्तम, कारण ‘मोनामी!’ अशी हाक आजच्या बोलण्यात पुस्तकी वाटते, आपण ‘हे मित्रा!’ म्हटल्यावर वाटते तशीच. अनेकजण असतील तर ‘ले झामी’, म्हणजे ‘मित्रहो’, सहज खपून जाते.

मित्राला भेटल्यावर ‘साल्यू’ म्हणावे. हा शब्द येताना आणि जाताना, दोन्ही वेळा चालतो. फारच जवळच्या माणसाला लाडाने ‘कुकू’ म्हणतात. कॅफेच्या दारात दोन मैत्रिणी भेटल्या की संवाद साधारण असा होतो:

‘साल्यू, क्लेर! सा व्हा?’
‘सा व्हा, ए त्वा?’
‘सा व्हा.’

म्हणजे ‘ठीक ना?’, ‘ठीक, आणि तू?’, ‘ठीक.’ या प्रश्नाला प्रकृतीचे सविस्तर वर्तमान अपेक्षित नसते. ‘बोंझूर’ मित्रालाही म्हणता येते, पण एकाच माणसाला दिवसातून एकदाच. पुन्हा म्हटल्यास सकाळची भेट आपण विसरलो असे त्याला वाटते. दुसऱ्या भेटीसाठी ‘रबोंझूर’ हा हलकाफुलका शब्द आहे.

शब्दांबरोबर ‘बीझ’ येते, म्हणजे गालाला गाल लावून ओठांनी केलेला आवाज. ओठ गालाला टेकवायचे नसतात. पॅरिसमध्ये बहुधा दोनदा, दक्षिणेत माँपेलिएच्या बाजूला तीनदा, असा प्रांताप्रांताचा रिवाज आहे, त्यामुळे पाहुण्याने यजमानाच्या मागे जावे. 2020 च्या साथीत ही पद्धत थांबली होती आणि नंतरही काहींनी ती पुन्हा धरली नाही. आपल्याला संकोच वाटत असेल तर आधीच हात पुढे करावा. त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

निरोप घेताना ‘आ प्ल्यूस’ (नंतर भेटू) किंवा ‘आ द्मँ’ (उद्या भेटू) म्हणावे. संध्याकाळी निघताना ‘बॉन स्वारे’ म्हणतात. ‘बॉन नुई’ मात्र झोपायला जाणाऱ्यालाच म्हणतात. ‘आद्यू’ हा शब्द पुष्कळांनी ऐकलेला असतो, पण पॅरिसमध्ये तो पुन्हा भेट होणार नाही अशाच वेळी शोभतो. दक्षिण फ्रान्सच्या काही भागांत मात्र लोक भेटल्यावरही एकमेकांना ‘आद्यू’ म्हणतात, तेव्हा तेथे कोणी दारातच तसे म्हटले तर परत फिरू नये.