गॅसवर चालणाऱ्या गाडीतही पेट्रोल हवेच

पेट्रोल आणि एलपीजी अशा दोन्ही इंधनांवर चालणारी एसयूव्ही घेऊन बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातून चोर्ला अथवा आंबोली घाटाकडे निघताना, गॅसची टाकी भरलेली असली तरी पेट्रोलची टाकी किमान पाव भरलेली ठेवावी. इंजिन थंड असताना गाडी पेट्रोलवरच सुरू होते आणि द्रवरूप गॅसची वाफ करणारा रिड्यूसर इंजिनच्या गरम पाण्याने पुरेसा तापल्यावरच गॅसवर जाते. शिवाय बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो व त्याला थंडावा त्या पेट्रोलमुळेच मिळतो, त्यामुळे टाकी सतत कोरडी ठेवल्यास पंप जळण्याची भीती असते. गॅसची टाकी मात्र 80 टक्क्यांपेक्षा अधिक भरू नये, कारण उन्हात द्रव प्रसरण पावतो.

गॅसचे किट कंपनीचे नसून नंतर बाहेरून बसवून घेतले असेल, तर आरसी पुस्तकात एलपीजीची नोंद आरटीओकडून आवर्जून करून घ्यावी. सीमाभागात महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा असे सतत जाणे-येणे असते, त्यामुळे कुठेही तपासणी झाली तरी ही नोंद दाखवता यायला हवी. आणि घरगुती सिलिंडरमधला गॅस गाडीत कधीही भरू नये. ते बेकायदेशीर तर आहेच, पण गळती झालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचून राहतो आणि एका ठिणगीने सारे कुटुंब संकटात सापडते.