लोह-क्रोमियमवरचा पातळ ऑक्साइड थर : या चुका टाळा

लोह-क्रोमियम मिश्रधातू ३०० अंश सेल्सिअसखाली हवेत ठेवली, तर तिच्यावर बसणारा ऑक्साइडचा थर बहुधा काही नॅनोमीटरचाच असतो. इतका पातळ थर मोजताना प्रयोगाआधी आणि मोजणीच्या वेळी आपल्या हातून झालेली हयगय त्या थराहून मोठी ठरू शकते, हे नव्याने काम सुरू करणाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

पॉलिश केलेल्या नमुन्याला ‘उघडा धातू’ म्हणणे ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे. डायमंड पेस्टवरून उचललेला नमुना ॲसिटोनने धुऊन वाळवेपर्यंत त्याच्यावर एक-दोन नॅनोमीटरचा थर बसलेला असतो. निर्वात कक्षातला दाब टॉरच्या (दाबाचे एकक) दशलक्षांशापर्यंत उतरवला, तरी पृष्ठभागावर रेणूंची एक अखंड चादर पसरायला सेकंदभर पुरतो. मग खोलीतल्या हवेबद्दल बोलायलाच नको. म्हणून प्रत्येक मालिकेत, त्याच वेळी पॉलिश केलेला एक सोबती नमुना मी न तापवता ठेवतो, तो आधी मोजतो आणि त्याची जाडी हाच प्रारंभबिंदू धरतो. पॉलिश संपल्याची वेळ वहीत मिनिटासह लिहितो. अर्धे नमुने शनिवारी व अर्धे सोमवारी पॉलिश केलेली मालिका माझ्याकडे आली, तर ती मी पुन्हा पॉलिश पेपरवर पाठवतो, मग त्यात आठवडा गेला तरी चालेल.

दुसरी चूक उच्च तापमानाचे नियम इथे लावण्याची. ८०० अंशांवर क्रोमियम धातूच्या आतून पृष्ठभागाकडे येत राहते आणि क्रोमियम ऑक्साइडचा सलग थर बांधते. ३०० अंशांखाली मात्र धातूतले क्रोमियम जवळजवळ जागचे हलत नाही. त्यामुळे पृष्ठभागाशी असलेले लोह आणि क्रोमियम दोन्ही ऑक्सिडाइझ होतात, लोहाचे आयन थरातून अधिक सहज बाहेर सरकतात, आणि बाहेर लोहाचा तर आत क्रोमियमने समृद्ध ऑक्साइड उरतो. अशा थराच्या वाढीचे स्पष्टीकरण कॅब्रेरा आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४९ च्या सुमारास दिले : इलेक्ट्रॉन थर भेदून बाहेरच्या ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात, थराच्या दोन बाजूंत साधारण व्होल्टभर फरक पडतो, आणि एवढ्याशा जाडीवरचे ते प्रचंड विद्युतक्षेत्र आयनांना ओढते. जाडी वाढली की क्षेत्र दुबळे होते व वाढ जवळपास थांबते. अशा आकड्यांच्या तीन बिंदूंतून वर्गमुळाच्या नियमाची (जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, या उच्च तापमानाच्या नियमाची) रेषा ओढणे म्हणजे उत्तर आधी ठरवून प्रयोग करणे होय.

तिसरी चूक आर्गॉनच्या माऱ्याची, म्हणजे थर आतपर्यंत मोजण्यासाठी आर्गॉनचे आयन आदळवून तो थोडा थोडा उडवण्याची. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने एक्सपीएसचे (क्ष-किरणांमुळे बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून पृष्ठभागाची घडण ओळखण्याच्या पद्धतीचे) आलेख माझ्यासमोर ठेवले. ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळचे धातुरूप लोहाचे शिखर मारा वाढेल तसे उंच होत होते, आणि ‘ऑक्साइडच्या आत धातूचे कण आहेत’ या कल्पनेवर त्याने दोन महिने खर्च केले होते. आम्ही शुद्ध हेमेटाइटच्या (लोहाच्या एका ऑक्साइडच्या) भुकटीची वडी दाबली आणि तिच्यावर तोच मारा केला. त्या वडीत धातू औषधालाही नव्हता, तरी काही मिनिटांत ७१० च्या आसपासचे शिखर खालच्या ऊर्जेकडे कलले आणि ७०७ पाशी खांदा उठला. आर्गॉन आयन ऑक्सिजनला आधी उडवतात आणि लोहाचे क्षपण करतात, म्हणजे ते धातुरूपाकडे नेतात. शिवाय मूळ थर इतका पातळ होता, की मारा न करताही खालच्या मिश्रधातूचे शिखर त्यातून दिसणारच होते. तेव्हापासून इतक्या पातळ थरासाठी मी नमुना तिरका करून वेगवेगळ्या कोनांतून मोजतो. त्यात वेळ जातो, पण मारा करून घाईने काढलेला खोलीचा आलेख मला विश्वासार्ह वाटत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. रंग दिसत नाही म्हणजे थर नाही, असे मानू नका. पिवळसर झाक दिसते तेव्हा थर काही दशक नॅनोमीटरचा झालेला असतो. नमुना उघड्या बोटांनी धरू नका. पॉलिश पेपरचे टप्पे गाळू नका. खरवडलेल्या, विकृत पृष्ठभागावर थर वेगळाच वाढतो. आणि भट्टीच्या पडद्यावरचा आकडा नमुन्याचे तापमान मानू नका. थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारेचे) टोक नमुन्याला टेकलेले आहे ना, हे दार बंद करण्यापूर्वी स्वतः वाकून पाहा.