बँकेची माहिती काढताय? या चुका टाळा

"आमची बँक सेफ आहे ना? फक्त हो की नाही तेवढं सांगा." असं विचारणाऱ्याला मी आधी ठेवीची पावती दाखवायला सांगतो. बऱ्याचदा ती बँक नसतेच, पतसंस्था असते.

आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी ग्रॅच्युइटीचे पैसे असेच एका ठिकाणी ठेवले होते. व्याज चांगलं, शाखा काचेची, एसी. "रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे, मॅनेजर स्वतः म्हणाले." पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक होता, सुरुवात 'एमएससीएस'. म्हणजे मल्टिस्टेट, एकाहून जास्त राज्यांत काम करणारी सहकारी पतसंस्था. तिची नोंद दिल्लीला केंद्रीय निबंधकाकडे. रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही, ठेवीला विमा नाही. हे सांगितलं तर गुरुजी माझ्यावरच चिडले. पुढे मुदत संपली आणि "पुढच्या आठवड्यात या" सुरू झालं. तक्रार घेऊन ते जिल्हा उपनिबंधकांकडे गेले, तिथून परत पाठवलं, कारण राज्याच्या कायद्याखालची पतसंस्था असेल तरच ती त्यांच्या अखत्यारीत. कुणाचं नियंत्रण आहे हे आधी बघितलं असतं, तर निदान हेलपाटे वाचले असते.

माझी सवय सांगतो. पहिल्यांदा ठेव विमा महामंडळाच्या, म्हणजे डीआयसीजीसीच्या, साइटवरची विमा असलेल्या बँकांची यादी उघडायची आणि पावतीवरचं पूर्ण नाव अक्षर न् अक्षर जुळवायचं. अर्धवट नाव टाकून 'सापडली' म्हणू नका; जनता, नागरी, अर्बन ही नावं दर दुसऱ्या तालुक्यात आहेत. यादीत नाही? मग पतसंस्था, मल्टिस्टेट, निधी (फक्त सभासदांशी व्यवहार करणारी कंपनी) की एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी), ते शोधा. एनबीएफसी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या यादीत तिला ठेवी घ्यायची परवानगी आहे का, तेही बघा. नुसती नोंदणी म्हणजे ती परवानगी नव्हे. यात फार वेळ जात नाही, पण लोकांना तेवढाही धीर नसतो.

विमा एका ठेवीदाराला ५ लाखांचा, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. प्रत्येक पावतीला वेगळे ५ लाख नाहीत.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे तारीख न बघता फॉरवर्ड केलेलं परिपत्रक. पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खात्यातून काढता येणारी रक्कम होती १,००० रुपये. दोनच दिवसांत ती १०,००० झाली, ऑक्टोबरात आधी २५,००० आणि मग ४०,०००, नोव्हेंबरात ५०,०००. तरी ग्रुपवर पहिल्याच कागदाचा फोटो फिरत राहिला. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर प्रसिद्धीपत्रकं तारखेनुसार लावलेली असतात. त्या बँकेचं सगळ्यात शेवटचं पत्रक वाचा, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. निर्बंध म्हणजे परवाना रद्द नव्हे, हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं.

फक्त एनपीएचा, म्हणजे थकीत कर्जांचा, आकडा बघून निश्चिंत होणारेही भेटतात. याच पीएमसीच्या २०१८-१९ च्या अहवालात ढोबळ एनपीए ३.७६ टक्के होता. एचडीआयएल या बांधकाम कंपनीला दिलेली प्रचंड थकीत कर्जं त्यात दिसतच नव्हती. अहवाल वाचाच, पण लेखापरीक्षकांचा शेरा आणि हिशेबाखालच्या टिपा सोडून वाचू नका.

रिझर्व्ह बँकेनं बँकेला दंड केला म्हणून घाबरू नका. मोठमोठ्या बँकांनाही होतो. कारण कोणतं दिलंय ते बघा.

पतसंस्थेचे सभासद असाल तर ताळेबंद आणि लेखापरीक्षणात मिळालेला वर्ग (अ, ब, क, ड) मागा. "ऑफिसात या, बघू" असं उत्तर आलं तर माझ्या लेखी ती माहितीच आहे.

आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. पासबुकावर असतो.