बोलाइन गाठ: बांधावी कशी आणि पक्की कशी करावी

आपल्याकडे वावरात दोर बांधायचा म्हटले की एकावर एक तीन-चार निरगाठी मारल्या जातात आणि सोडवायची वेळ आली की विळा शोधावा लागतो. विहिरीत सोडायची बादली, ट्रॉलीवरच्या ताडपत्रीची कडी, झाडाला बांधायचा दोर, गाईच्या गळ्यातले दावे, अशा प्रत्येक ठिकाणी ताण आल्यावर न आवळणारे आणि काम झाल्यावर सहज सुटणारे कडे हवे असते. बोलाइन नेमके तेच देते. गळ्यात सरकफास घालणे तर घातकच, कारण जनावर बुजले की तो आवळत जातो.

दोर वस्तूभोवती फिरवून मोकळे टोक हातभर तरी लांब राहू द्यावे.

खरी अडचण यापुढे आहे. शिकवणारे ससा बिळातून वर येतो, झाडामागून फिरतो आणि परत बिळात शिरतो अशी गोष्ट सांगतात. पण ते बीळ, म्हणजे मुख्य दोरातले छोटे वळे, कोणत्या बाजूने पाडायचे हे त्या गोष्टीत कुठेच नसते, आणि सगळी गाठ अडते ती इथेच. मलाही सुरुवातीला हाच टप्पा जड गेला. वळे पाडताना टोकाकडची बाजू मुख्य दोराच्या वर आली पाहिजे. ती खाली गेली, तर पुढचे सगळे वेढे बरोबर घेऊनही गाठ केवळ दिसायला गाठ राहते. जोराने ओढताच ती उलगडते किंवा सरकू लागते.

म्हणून वळे आधी पाडून त्यात टोक ओवण्याची पद्धत मी नवख्याला सांगतच नाही. दोराचे एक टोक गोठ्याच्या खांबाला बांधून, खांबाकडे तोंड करून, दुसरे टोक स्वतःच्या कमरेभोवती उजवीकडून पुढे आणावे. खांबाकडून येणारा मुख्य दोर डाव्या हातात धरावा. उजव्या हातातले टोक त्याच्यावर आडवे ठेवून, जिथे दोन्ही दोर एकमेकांना छेदतात तिथे अंगठा खाली आणि बोटे वर अशी पकड घ्यावी. आता तळहात आकाशाकडे येईल असे मनगट वळवावे. टोक मुख्य दोराखालून जाऊन वर उभे राहते आणि मुख्य दोराचे वळे आपोआप त्याच्याभोवती पडते. या रीतीत वळ्याची दिशा चुकायला वावच राहत नाही.

त्यानंतर टोक मुख्य दोराच्या मागून फिरवून त्याच वळ्यात वरून खाली घालावे आणि मुख्य दोर एका बाजूला, टोक व कडे दुसऱ्या बाजूला असे ओढून गाठ नीट बसवावी. टोक मोठ्या कड्याच्या आतल्या बाजूला आले पाहिजे.

झाडाला बांधताना अनेकांचा गोंधळ उडतो, कारण दोराची दिशा उलटी होते. अशा वेळी झाडाकडे पाठ करून, ताण जिकडे जाणार तिकडे तोंड करून उभे राहावे. मग हातांच्या हालचाली कमरेभोवतीच्या सरावाप्रमाणेच होतात.

गाठ लागली म्हणजे काम संपले असे समजणाऱ्यांशी माझे पटत नाही. ताण असेपर्यंत बोलाइन भक्कम राहते, पण दोर सैल पडून हलत राहिला की ती हळूहळू उकलते. अंबाडीचा खरखरीत दोर बराच काळ धरून राहतो. बाजारात मिळणारी गुळगुळीत, ताठ नायलॉनची दोरी मात्र वाऱ्यावर फडफडणाऱ्या ताडपत्रीच्या हिसक्यांनीही सुटू शकते. म्हणून उरलेले टोक दोराच्या जाडीच्या किमान बारा पट असावे, म्हणजे १२ मिलिमीटरच्या दोराला साधारण १५ सेंटिमीटर, आणि त्या टोकाने कड्याच्या लगतच्या बाजूभोवती दोन वेढे घेऊन, टोक त्याच वेढ्यांखालून ओढून आवळावे. दोरी फारच निसरडी असेल तर सुरुवातीलाच एकाऐवजी दोन वळी पाडून दुहेरी बोलाइन बांधावी.

ताण असताना ही गाठ सोडता येत नाही, हे मात्र विसरू नये. दाव्याचे गळ्याकडचे टोक बोलाइनने बांधावे, पण खुंट्याकडे सुरगाठच हवी. गोठ्याला आग लागली किंवा जनावर अडकून पडले, तर एका ओढीत ते मोकळे करता आले पाहिजे. माणूस विहिरीत उतरवण्यासाठी केवळ या गाठीच्या भरवशावर राहू नये.

सोडवताना दोर आधी सैल करावा, टोकाची पक्की केलेली गाठ काढावी आणि मुख्य दोरामागून गेलेला वेढा अंगठ्याने मागे ढकलावा. भिजून घट्ट बसलेली गाठही अशी बहुधा हातानेच सुटते.